वैजापूरकरांची सहाशे अडतीस कार्डं

श्रीधर वैजापूरकर आणि मी गुलमंडीतल्या एका छापखान्यात एकोणीस वर्षं बरोबर काम केलं. मी प्रूफं तपासायची आणि ते ब्लॉक करायचे. ब्लॉक म्हणजे काय, हे आता नातवंडांना समजावून सांगावं लागतं. त्या काळी फोटो जसाच्या तसा छापता येत नसे. मोठ्या कॅमेऱ्यात काचेची बारीक जाळी लावून त्याचा पुन्हा फोटो घ्यायचा, म्हणजे चेहऱ्याचे हजारो ठिपके होत. ते ठिपके जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचे आणि पत्रा ऍसिडात सोडायचा. ऍसिड मधली जागा खाऊन टाकी आणि ठिपके तेवढे उभे राहत. शाई त्यांना लागे. लग्नपत्रिकेवरचा गणपती असो, की निवडणुकीला उभ्या राहिलेल्या कुणा आप्पासाहेबांचा फेट्यातला चेहरा असो, तो वैजापूरकरांच्या हातून ठिपके होऊनच बाहेर पडायचा.

अंगानं किरकोळ, बोलायला त्याहून कमी. ऍसिडानं बोटांची टोकं कायमची पिवळी झालेली. शर्टाच्या बाहीला बारीक भोकं. कुठलाही छापील कागद हातात आला की ते आधी खिशातलं भिंग काढून त्यावर ठेवत आणि वाकून ठिपके बघत. चित्र कशाचं आहे, हे नंतर.

शहाऐंशी साली एका शाळेच्या बाई स्मरणिकेसाठी एक जुनं कार्ड घेऊन आल्या. पोस्टकार्डच, पण एका बाजूला दौलताबादच्या किल्ल्याचं चित्र. त्याचा ब्लॉक हवा होता. छापील चित्रावरून ब्लॉक करायचा तर आधी मूळ चित्राचे ठिपके किती बारीक आहेत ते बघावं लागतं, नाहीतर दोन जाळ्या एकमेकींवर चढून चित्रावर पट्टे उमटतात. वैजापूरकरांनी भिंग ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही. मग मला हाक मारली.

"सुरेखाबाई, जरा इकडं या. यात ठिपके दिसतात का बघा."

मला ठिपके दिसले नाहीत. दुधावरच्या सायीला पडतात तशा बारीक, वाकड्यातिकड्या सुरकुत्या दिसल्या. सगळा किल्ला त्या सुरकुत्यांचा झालेला होता.

"मग हे छापलं कसं?" ते म्हणाले. मला विचारत नव्हते.

छापखान्यात कुणालाच सांगता आलं नाही. चार महिन्यांनी एका जुन्या इंग्रजी पुस्तकात त्यांना उत्तर सापडलं. त्या छपाईला कोलोटाइप म्हणत. काचेवर सरसासारखा पदार्थ पसरून तो वाळवायचा, वाळताना त्याला सुरकुत्या पडत आणि त्या सुरकुत्यांमध्ये शाई धरे. एका काचेतून हजार-दीड हजार प्रती निघाल्या की काच संपली. पुढं ती पद्धतच मोडीत निघाली. बाई ते कार्ड परत न्यायला आल्या नाहीत. वैजापूरकरांनी दोन वर्षं वाट बघितली, निरोप पाठवले आणि मग ते घरी नेलं. हे त्यांचं पहिलं कार्ड.

त्यानंतर ते शोधायलाच लागले. जुन्या बाजारातले रद्दीवाले, छावणीतल्या रिकाम्या होणाऱ्या बंगल्यांचं सामान, खुलताबादच्या एका घड्याळजीकडची पेटी. रद्दीवाला कलीमभाई त्यांना सायकलवरून येताना बघूनच म्हणायचा, "आव साब, तुमारा माल बाजू को रख्या हूं." शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची कार्डं. काही जर्मनीत छापून आपल्याकडं विकायला आलेली. ज्यांनी ती रंगवली त्यांनी हा मुलूख कधी पाहिला नव्हता, त्यामुळं बीबीचा मकबरा एका कार्डावर फिकट गुलाबी आणि दुसऱ्यावर चक्क पोपटी. काहींच्या पाठीवर फक्त पत्त्याला जागा, म्हणून लिहिणाऱ्यानं मजकूर चित्राच्या कडेला दाटीवाटीनं बसवलेला. काहींवर फुलं उठावाची, हात फिरवला की पाकळ्या लागायच्या. काहींवर काचेची भुकटी चिकटवलेली. काही तर छापलेली नव्हतीच, अस्सल फोटो होते, कार्डाच्या जाड कागदावर धुऊन काढलेले.

लोक अशी कार्डं गावांप्रमाणं लावतात. वैजापूरकरांनी ती छपाईप्रमाणं लावली. ठिपक्यांची एका पेटीत, दगडावरून छापलेल्या लिथोची दुसऱ्या, कोलोटाइपची तिसऱ्या. हातानं रंग दिलेली वेगळी, फोटो वेगळे. प्रत्येक कार्ड बटरपेपरच्या घडीत. ते बटरपेपर कापायचं काम त्यांच्या बायकोचं. दमयंतीवहिनी गंगापूरकडच्या, बोलायला मोकळ्या. दर दिवाळीच्या आधी फराळ उरकला की त्या कात्री घेऊन बसत आणि म्हणत, "माझ्या सवतीचे परकर कापायले."

शहाण्णव साली ब्लॉक न लागणारी ऑफसेट छपाई आली आणि ब्लॉक खातं बंद झालं. कॅमेरा भंगारात गेला त्या दिवशी वैजापूरकर कामावर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले आणि काउंटरवर ऑर्डरी घ्यायला बसले. निवृत्त होईपर्यंत तिथंच बसले. जे त्यांना येत होतं त्याची गरज आता जगात कुणालाच नव्हती. उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या खोलीत, पाच पेट्यांपुढं, तेवढी ती गरज शिल्लक होती. निवृत्तीनंतर मी महिन्यातून एकदा तरी जायची. ते एखादं कार्ड काढून माझ्या तळहातावर ठेवत आणि म्हणत, "डोळे मिटा. आता अंगठा फिरवा. शाई वर बसलीय का आत मुरलीय?" मला कधी बरोबर सांगता यायचं, बहुतेक वेळा नाही. त्यांचं मात्र चुकत नसे.

त्यांचा मुलगा सुयश. एकुलता एक. अकरा वर्षं पुण्यात काढून तो बदली घेऊन वाळूजच्या कंपनीत आला, ते आई-वडिलांजवळ राहता यावं म्हणूनच. मुलगा गुणी, पण बापलेकांत बोलणं नव्हतं. भांडण नव्हतं, नुसतंच बोलणं नव्हतं. सुयश मला एकदा म्हणाला होता, "मावशी, मी त्यांच्या खोलीत जातो, विचारतो काय चाललंय. ते म्हणतात, काही नाही. मग मी उभा राहतो थोडा वेळ आणि येतो परत."

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात वैजापूरकरांची बायपास झाली. छातीची जखम भरायला वेळ लागला, त्यामुळं दवाखान्यात चोवीस दिवस गेले. त्या दिवसांत विम्याचे कागद शोधायला सुयशनं वडिलांचं कपाट उघडलं. कागद पेट्यांच्या खाली होते. पेटी उचलली तशी एक कसर सरसर पळाली. चंदेरी, निमुळती, कागद खाणारी कसर. त्यानं पेटी उघडली. वरच्याच एका कार्डाचा कोपरा कुरतडलेला होता.

हे सगळं मला त्यानंच नंतर सांगितलं. म्हणाला, "मला इतकं कसंतरी झालं. बाबा तिकडं पडलेले, काय होईल माहीत नाही. आणि इकडं त्यांच्या आयुष्यभराची वस्तू किडे खातायत. म्हणलं, हे तरी मी वाचवतो."

त्यानं दोन दिवसांची रजा काढली. एकेक कार्ड कोरड्या मऊ फडक्यानं पुसलं आणि पाचही पेट्या घेऊन लॅमिनेशनच्या दुकानात जाऊन बसला. दुकानदारावर सोपवून निघून आला नाही. दोन दिवस स्टुलावर बसून एकेक कार्ड स्वतःच्या हातानं प्लॅस्टिकमध्ये सरळ ठेवलं, मशीनच्या तापलेल्या रुळांत सरकवलं, पलीकडून बाहेर येताना धरलं. सहाशे अडतीस कार्डं. त्याची बायको अश्लेषा हौशी मुलगी. तिनं रोज संध्याकाळी दवाखान्यातून आल्यावर ती कार्डं चित्रांप्रमाणं लावली. किल्ले, फुलं, देवळं, राजेरजवाडे, बायका, परदेशातली शहरं. मग स्पायरल बाइंडिंगचे तीन जाड खंड झाले. कव्हरवर 'बाबांचा खजिना' असं छापून घेतलं, खाली वडिलांचा फोटो.

वैजापूरकर घरी आले त्या दिवशी मी तिथं होते. त्यांच्या बहिणीकडची दोन-चार माणसं होती. त्यांना पलंगावर उशा लावून बसवलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्यांना कसलाही त्रास होईल असं काही करू नका, म्हणून सगळे हळू आवाजात बोलत होते. सुयशनं पहिला खंड आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्याचे हात कापत होते.

"उघडा ना, बाबा."

त्यांनी कव्हर उलटलं. पहिल्याच पानावर दौलताबादचा किल्ला होता. प्लॅस्टिकवर खिडकीतला उजेड पडून किल्ला अर्धा दिसत नव्हता. त्यांनी अंगठा फिरवला. एकदा या कडेपासून त्या कडेपर्यंत, मग उलटा. पुढचं पान उलटलं. तिथं पुन्हा अंगठा. मग बरीच पानं एकदम उलटली. तिथं उठावाच्या गुलाबांचं कार्ड होतं. रुळांमधून जाताना गुलाब सपाट झाले होते. अंगठा त्यावरून काचेवरून फिरावा तसा घसरला.

"आता शंभर वर्षं काही होत नाही याला," सुयश म्हणाला. "पाणी सांडलं तरी चालतं."

वैजापूरकरांनी मान वर केली. मुलाकडं पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल.

"लई मेहनत घेतलीस," ते म्हणाले.

सुयशच्या डोळ्यांत पाणी आलं. वडिलांनी त्याच्या कुठल्या कामाचं तोंडावर कौतुक केल्याचं त्याला आठवत नव्हतं. सगळ्यांनी खंड हातोहात बघितले. वैजापूरकर डोळे मिटून पडून राहिले आणि लोकांना वाटलं, थकले.

पंधरा दिवसांनी त्यांनी मला फोन करून दुपारी बोलावलं. सुयश-अश्लेषा कामावर होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी अश्लेषाचं केस वाळवायचं यंत्र, एक पातळ ब्लेड आणि स्पायरलमधून काढून घेतलेलं एक कार्ड मांडलं होतं. शुभेच्छांचं साधं फुलांचं कार्ड, त्यांच्या मते संग्रहातलं सगळ्यात कमी महत्त्वाचं.

"तुम्ही फक्त धरा," ते म्हणाले.

मी कडेला धरलं. त्यांनी गरम हवा सोडली, ब्लेड आत घातलं. प्लॅस्टिक एका कोपऱ्यात सुटलं. अगदी हळू ओढत गेले. प्लॅस्टिक निघालं, आणि त्याच्याबरोबर चित्रही निघालं. फुलं सगळी प्लॅस्टिकला चिकटून वर आली. टेबलावर उरला तो सोललेल्या गुडघ्यासारखा पांढरा, तंतू निघालेला कागद.

दमयंतीवहिनी कधी येऊन दारात उभ्या राहिल्या, आम्हाला कळलं नाही.

"काय करायलात हो?"

वैजापूरकरांनी यंत्र बंद केलं. वहिनींनी टेबलाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. छत्तीस वर्षं बटरपेपर कापलेल्या बाईला जास्त सांगावं लागलं नाही.

"सगळीच गेली का?"

"सगळीच."

त्या खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "त्याला सांगू नका. तुमच्या पाया पडते. पोरगं दोन दिवस उपाशीतापाशी बसलं होतं त्या दुकानात."

"मी कुठं सांगायलोय?" वैजापूरकर म्हणाले.

मी घरी जाऊन गप्प बसू शकले नाही. वर्तमानपत्रात कधीतरी वाचलं होतं म्हणून मुंबईच्या एक बाई शोधून काढल्या. जुने कागद, पोथ्या दुरुस्त करायचं त्यांचं काम. फोनवर त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "गरम लॅमिनेशनचा गोंद वितळून कागदात शिरतो. प्रयोगशाळेत एखादं कार्ड, रसायन वापरून, नशीब असेल तर सुटतं. रंग पसरण्याचा धोका असतोच. फोटोवाली असतील तर त्यांचा वरचा थर वितळलेला असणार, त्यांचं काहीच करता येत नाही. आणि सहाशे म्हणालात ना? नाही हो. त्यांना सांगा, घरी प्रयत्न करू नका." मी वैजापूरकरांना हे सांगितलं तेव्हा ते फक्त "बरं" म्हणाले. मला वाटतं, त्यांना ते आधीच माहीत होतं.

मग एक वर्ष गेलं आणि ते वर्ष बघणं फार कठीण होतं. सुयशला आता वडिलांशी बोलायला विषय मिळाला होता. घरी कुणीही आलं की तो खंड घेऊन यायचा. "बाबा, यांना ते लिथोचं सांगा ना." आणि वैजापूरकर सांगायचे. सरळ बसून, नीट, काही न वगळता. हे दगडावरचं काम, बघा, रंगांचे मोठे मोठे डाग एकमेकांशेजारी मांडलेत. हे कोलोटाइप. भिंगातून सुरकुत्या दिसतात. पाहुणे भिंग लावायचे तर प्लॅस्टिकची चमक आणि आत अडकलेले हवेचे बुडबुडे दिसायचे. "हो हो, दिसल्या," असं म्हणायचे. वैजापूरकर पान उलटायचे. सुयश शेजारी बसलेला असायचा, खांद्याला खांदा लावून. त्या वर्षात तो वडिलांच्या जितका जवळ आला तितका लहानपणीही नसावा. वहिनी मला म्हणाल्या, "मला हे बघवंना आणि मोडवंना बी."

वैजापूरकरांनी नवीन कार्ड आणणं बंद केलं. कलीमभाईचा फोन आला तर "तब्येत बरी नाही" म्हणत. भिंग खिशात ठेवायचे बंद झाले.

गेल्या वर्षी सुयशनं वडिलांच्या संग्रहाबद्दल मोबाइलवर लिहिलं, पाच-सहा कार्डांचे, चमक येणार नाही असे जपून काढलेले फोटो टाकले. ते वाचून इथल्याच एका कला महाविद्यालयात छपाईकला शिकवणाऱ्या मनस्विनी नावाच्या बाईंनी त्याला लिहिलं की मला हे बघायचंय, आपल्या भागातला असा संग्रह मी ऐकलासुद्धा नव्हता. सुयशला आभाळ ठेंगणं झालं. रविवारी सकाळची वेळ ठरली. त्यानं मलाही बोलावलं. म्हणाला, "मावशी, पहिल्यांदाच कुणीतरी जाणकार येतंय. तुम्ही हव्यातच."

वैजापूरकर सकाळपासून अस्वस्थ होते. दोनदा म्हणाले, "त्यांना नको म्हणून कळवा, मला बरं वाटत नाही." सुयशनं गोळी दिली, पाणी दिलं, त्यांना इस्त्रीचा शर्ट घातला.

मनस्विनी तिशीतली मुलगी. आल्याबरोबर तिनं पिशवीतून पांढरे सुती हातमोजे काढून मांडीवर ठेवले. सुयश आत चहा आणायला गेला होता. वैजापूरकरांनी स्वतःच खंड तिच्या पुढ्यात सरकवला. तिनं कव्हर उघडलं. हातमोजे तिच्या हातातच राहिले.

दोन पानं, चार पानं, मग मधलीच पानं तिनं भराभर उलटली. शेवटपर्यंत.

"सगळीच?" तिनं विचारलं.

वैजापूरकरांनी मान हलवली.

"हे कुणी केलं?"

आणि ते म्हणाले, "मी केलं."

मनस्विनीला ते कळेना. "तुम्ही? तुम्ही ब्लॉकमेकर होतात ना? तुम्हाला कळत होतं ना हे काय आहे? या फोटोंचा वरचा थर बघा, शिजलाय. हे उठावाचं काम, गेलं. आता यातलं एकही कार्ड अभ्यासाला उपयोगी नाही, सर. एकही. अडाण्या माणसानं केलं असतं तर मी समजू शकले असते."

"चूक झाली," वैजापूरकर म्हणाले. "कसर लागली होती. घाई केली."

सुयश दारात उभा होता. हातात ट्रे होता. तो कधीपासून उभा होता ते मला माहीत नाही, पण 'मी केलं' हे त्यानं ऐकलं होतं, कारण तो मनस्विनीकडं बघतच नव्हता. वडिलांकडं बघत होता. त्यानं ट्रे नीट टेबलावर ठेवला. एकही कप हिंदकळला नाही. मनस्विनीनं आमच्या चेहऱ्यांकडं पाहिलं आणि तिच्या काहीतरी लक्षात आलं असावं. ती पुढं काही बोलली नाही. चहा घेतला, नमस्कार केला आणि गेली.

दार लागल्यावर सुयश म्हणाला, "तुम्हाला कधी कळलं?"

"काय?"

"बाबा, काय म्हणून विचारू नका."

वैजापूरकरांनी खंड मिटून बाजूला ठेवला.

"पहिल्या दिवशी? पलंगावर?"

"हो."

"मग मी वर्षभर लोकांना दाखवत होतो. तुम्हाला बाजूला बसवून. तुम्ही बोलला का नाही?"

"बोलून काय झालं असतं, सुयश?"

"मी दाखवायचं थांबलो असतो ना."

वैजापूरकर उठले. मुलाजवळ गेले. हात उचलला, तो मुलाच्या खांद्यापर्यंत गेला आणि तिथं ठेवावा की नाही हे त्यांना ठरवता येईना. सुयश बाजूला झाला. रागानं नव्हे. ज्याच्या अंगाला काही लागलंय असा माणूस दुसऱ्याला लागू नये म्हणून बाजूला होतो, तसा. तो खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. अश्लेषा तिकडं गेली. वैजापूरकर तिथंच मधोमध उभे राहिले. मी त्यांना बसवलं तेव्हा ते मला म्हणाले, "मला वाटलं, मी माझ्या अंगावर घेतलं तर मिटेल. ती बाई तर जाणारच होती."

त्यानंतर सुयशनं भरपाई करायचा चंग बांधला. इंटरनेटवरून जुनी कार्डं मागवायला लागला. पहिलं पाकीट आलं तेव्हा त्यानं ते वडिलांपुढं ठेवलं आणि म्हणाला, "आता खरं सांगायचं. माझ्यासाठी खोटं बोलायचं नाही." वेरूळचं कार्ड होतं, पिवळट कागद, कडा झिजलेल्या. वैजापूरकरांनी भिंगसुद्धा मागितलं नाही. कार्ड बोटांत धरलं आणि किती तरी वेळ धरूनच बसले.

"सांगा ना."

"हे आजचं आहे. कंप्युटरवर छापलेलं. कागद चहाच्या पाण्यात भिजवून जुना केलाय."

सुयशनं ते उचलून घेतलं. दुसऱ्या वेळी तीन आली, त्यांतलं एक खरं निघालं. अगदी साधं, पण खरं. वैजापूरकरांनी ते हातात घेऊन डोळे मिटून अंगठा फिरवला आणि क्षणभर त्यांचा चेहरा पूर्वीसारखा झाला. मग त्यांनी डोळे उघडले. समोर सुयश त्यांच्याकडं असा बघत होता की त्यांना ते कार्ड हातात धरवेना. "छान आहे," म्हणून त्यांनी ते ठेवून दिलं. सुयशला वाटलं, तेही खोटंच आहे आणि हे पुन्हा मन राखतायत. त्यानं मागवणं बंद केलं.

मनस्विनीनं मला फोन करून खरं काय ते विचारलं. मी सांगितलं. तिला फार वाईट वाटलं. ती पुन्हा आली, वैजापूरकरांची माफी मागितली आणि म्हणाली, "कार्डं नसली तरी तुम्हाला जे माहीत आहे ते मला टिपून घेऊ द्या." तिनं मोबाइल चालू करून पुढं ठेवला. वैजापूरकर पाच मिनिटं बोलले आणि थांबले. कोलोटाइपचा कागद बोटाला कसा लागतो, हे सांगताना त्यांचा अंगठा हवेत फिरत होता. "हातात असलं की सांगता येतं हो," ते म्हणाले. "असं नुसतं नाही येत." ती पुन्हा दोनदा आली. तेवढंच झालं.

सुयश घरात होता, पण वडिलांच्या खोलीत जायचा बंद झाला. औषधं अश्लेषा द्यायची. मी त्याला क्रांती चौकात गाठलं एकदा. म्हणलं, "अरे, त्यांच्या मनात काही नाही. तू बोल त्यांच्याशी." तो म्हणाला, "त्यांच्या मनात काही नाही हेच तर, मावशी. त्यांनी एकदा तरी माझ्यावर ओरडायला पाहिजे होतं. शिव्या द्यायला पाहिजे होत्या. मी ऐकून घेतलं असतं. हे असं मला कुठं ठेवताच येत नाही."

मी हे जाऊन वैजापूरकरांना सांगितलं. सांगायला नको होतं का, हे मला अजून कळलेलं नाही. ते म्हणाले, "ओरडू कसं? मला राग आलेलाच नाही. त्या दिवशी त्याचे हात बघितले मी, कापत होते." मग म्हणाले, "पण त्याला पाहिजे असेल तर बघतो ओरडून."

पुढचं वहिनींनी सांगितलं. या मे महिन्यातली गोष्ट. रविवार होता. सुयशनं गच्चीवरच्या टाकीची मोटार लावली आणि विसरला. पाणी भरून वाहायला लागलं, जिन्यावरून खाली यायला लागलं. वैजापूरकर खोलीतून बाहेर आले, जिन्यापाशी उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा मुलावर आवाज चढवला.

"सुयश! अक्कल आहे का तुला? काय करतोयस, कळतं का? विचारल्याशिवाय हात लावतोस, सगळ्याची..."

वहिनी म्हणाल्या, "मी स्वयंपाकघरात होते. मला वाटलं, निघालं बाई शेवटी कार्डांचं. सुयश बी पळत आला आणि मान खाली घालून समोर उभा राहिला. अगदी ऐकून घ्यायला उभा राहिला. आणि यांना पुढं बोलताच येईना. दम लागला. छातीला हात लावून पायरीवर बसले. पोरगं घाबरलं, पळत जाऊन गोळी आणली, जिभेखाली ठेवली, पाठीवर हात फिरवत बसलं. हे म्हणायले, थांब, मला बोलायचंय. ते म्हणायलं, नका बोलू बाबा, बोलू नका. असंच चाललं होतं दोघांचं. पाणी सारखं दोघांच्या अंगाखालून वाहायलं. मोटार बंद करायचं कुणाच्या ध्यानात बी नव्हतं. मग मीच वर जाऊन केली."